तांब्यावरची रेघ

सुशिक्षित मध्यमवर्गीय घरात कोणते उद्योग चालावेत आणि कोणते चालू नयेत, याविषयी एक अलिखित संहिता असते. लोणची, पापड, शिवणकाम, बागकाम, गायन-वादन यांस तीत पूर्ण मान्यता आहे. मुलांनी चित्रे काढावीत, तिकिटे जमवावीत, फार काय, गच्चीवर दुर्बीण लावून तारे पाहावेत, यासही कोणाची हरकत नसते. परंतु ज्या उद्योगास उग्र वास येतो, ज्याने बोटे पिवळी होतात, फरशीवर न जाणारे डाग पडतात, आणि ज्यातून निघणारी वस्तू बाजारात अधिक स्वस्त व अधिक सुबक मिळते, असा उद्योग घरात शिरला म्हणजे आपली सहनशीलता एकाएकी संपते. "हे कारखान्यातले काम, घरात कशाला?" असा प्रश्न आपण विचारतो, आणि प्रश्न विचारला म्हणजे वाद संपला असे समजतो. गेले दीड वर्ष आमच्या उस्मानपुऱ्यातील घरात असाच एक उद्योग चालू आहे. त्या दीड वर्षाच्या अनुभवानंतर हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, असे आम्हांस नम्रपणे सांगावयाचे आहे.

हा उद्योग म्हणजे सर्किट बोर्ड घरी तयार करण्याचा. ही वस्तू काय आहे ते प्रथम सांगितले पाहिजे. दूरचित्रवाणीचा रिमोट हातून पडून फुटला असता आत जी लहानशी पाटी दिसते आणि जिच्यावर बारीक रेघांचे जाळे पसरलेले असते, ती पाटी म्हणजे सर्किट बोर्ड. चांगली पाटी काचेचे विणलेले धागे व राळ यांपासून केलेली असते, आणि तिच्या पृष्ठावर तांब्याचा एक अखंड पापुद्रा चिकटवलेला असतो. या पापुद्र्याची जाडी बहुधा ०.०३५ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या सुमारे निम्मी. ज्या मार्गाने वीज न्यावयाची तेवढे तांबे एखाद्या आवरणाने झाकावयाचे आणि पाटी फेरिक क्लोराइडच्या द्रावणात सोडावयाची. उघडे तांबे विरघळून जाते, झाकलेले शिल्लक राहते, आणि त्या शिल्लक रेघा याच विजेच्या वाटा होतात. सोनार तार ओढतो, विणकर धागा घालतो. या धंद्यातला कारागीर मात्र रेघेखेरीज जे जे काही आहे ते काढून टाकीत असतो.

या पाटीस इंग्रजीत 'छापील' हे विशेषण लावतात. आम्ही वाङ्मयाचे अध्यापक असल्यामुळे आमचे लक्ष आरंभी त्या विशेषणाकडेच गेले. ते अलंकारिक नसून अक्षरशः खरे आहे. पॉल आयस्लर नावाचा एक ज्यू अभियंता १९०७ साली व्हिएन्ना येथे जन्मला. १९३० साली त्याने पदवी घेतली, आणि १९३६ साली तो इंग्लंडात आला. लंडनच्या हॅम्पस्टेड भागात बिऱ्हाड करून राहत असताना त्याने छापील तारांचा रेडिओ तयार केला. त्या काळी रेडिओच्या आतील तारा कारखान्यातील कामगार हातांनी एकेक करून जोडीत. एक तार चुकली की सारा संच मुका होई. अक्षरे एकदा जुळवली म्हणजे हजार प्रती बिनचूक निघतात, मग तारांचेही तसेच का होऊ नये, असा हा साधा विचार होता. त्याच्या पेटंटासाठी अर्ज १९४३ साली झाला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत जगभर पसरली. ज्या कामास आपण 'कारखान्यातले' म्हणून घराबाहेर घालवतो, त्याचा आरंभ एका परदेशस्थाच्या बिऱ्हाडात झाला होता, हे येथे नमूद करून ठेवतो.

महाराष्ट्रासही ही विद्या परकी वाटण्याचे कारण नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग काढले, ते तेलकट शाई आणि पाणी यांच्या जन्मजात वैराच्या बळावर. पुढे जस्ताच्या पत्र्यावर प्रकाशाच्या साहाय्याने चित्र उमटवून त्याचा उघडा भाग आम्लाकडून खाववून घेण्याची कला आली. पुण्याच्या सरकारी छापखान्याच्या 'फोटोझिंको' या नावात तिची स्मृती आहे. दादासाहेब फाळके १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणण्यापूर्वी ब्लॉक करण्याच्या व छपाईच्याच धंद्यात होते. आमच्या वडिलांच्या पिढीने मासिकांतून जी चित्रे पाहिली, ती अशा आम्लाने कोरलेल्या पत्र्यांवरून उठलेली होती. प्रकाश, आवरण आणि आम्ल या त्रयीने आमच्या भाषेच्या छपाईची दीर्घकाळ सेवा केली आहे. आता तीच त्रयी विजेच्या सेवेस लागली आहे, इतकाच फरक.

आता आमच्या घराकडे वळतो. उस्मानपुरा हा छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचा, नोकरदारांचा व विद्यार्थ्यांचा भाग. संत एकनाथ रंगमंदिर याच वस्तीत आहे, आणि १९६० साली स्थापन झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही. रस्त्यावर विद्यार्थ्यांची वर्दळ, चहाच्या टपऱ्या, खानावळी आणि झेरॉक्सची दुकाने. या वस्तीचे दुसरे लक्षण म्हणजे पाणी. नळाला रोज पाणी येत नाही. मध्ये कित्येक दिवस कोरडे जातात, आणि येते तेव्हा ते बहुधा भलत्या वेळी येते. आमच्या कन्येने, जी इलेक्ट्रॉनिक्स शिकत आहे, यावर एक उपाय योजला. नळात पाणी आले की घरात घंटा वाजावी, आणि हे यंत्र एका लहानशा विजेरीवर वर्षभर चालावे, अशी तिची कल्पना. त्यासाठी तिने जी चिप निवडली तिचे पाय परस्परांपासून अर्धा मिलिमीटर अंतरावर होते. हल्ली नव्या चिपा बहुधा अशाच बारीक पायांच्या निघतात. अर्ध्या मिलिमीटरात एक रेघ आणि एक मोकळी फट बसवावयाची. म्हणजे रेघ पाव मिलिमीटरची, आणि फटही तेवढीच. जाड रेघांचा बोर्ड कोणीही हौशी मनुष्य एका दुपारी करील. बारीक रेघेचे शास्त्र निराळे आहे, आणि खरी विद्या तेथूनच सुरू होते.

पहिली रीत इस्त्रीची. आकृती लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर उलटी छापावयाची, तो कागद तांब्यावर पालथा ठेवून वरून गरम इस्त्री फिरवावयाची, आणि मग पाण्यात भिजवून कागद हळूहळू सोडवावयाचा. छपाईची काळी भुकटी वितळून तांब्याला चिकटते व तीच आवरणाचे काम करते. या रीतीत घरातील एक इस्त्री कामास येते, आणि कपड्यांच्या कामातून कायमची जाते. आमच्या सौभाग्यवतींनी हे दानपत्र मोठ्या नाखुशीने लिहून दिले. परंतु खरी अडचण निराळीच होती. रेघा मध्येच तुटत. तांबे स्वच्छ दिसे, पण बोटाचा जो अदृश्य तेलकट ठसा त्यावर उमटे तेथे भुकटी धरीत नसे.

हे कोडे आमच्या मातोश्रींनी सोडवले. त्यांनी पाटी हातात घेतली आणि विचारले, "अगं, चिंच लावलीस का?" त्यांच्या हिशेबी तांब्याचा हंडा आणि तांब्याची पाटी यांत फरक नव्हता. चिंचेने तांबे लखलखीत झाले; तांब्यावर हवेने चढणारा मळ आंबट पदार्थात विरघळतो, हे रसायनशास्त्र प्रत्येक जुन्या स्वयंपाकघरास ठाऊक आहे. "आता हिला हात लावायचा नाही, आजी. कडा धरूनच उचलायची," असे नातीने बजावले. तेव्हा मातोश्री म्हणाल्या, "म्हणजे सोवळ्यातली आहे, असं सांग की!" त्या दिवसापासून आमच्या घरात 'सोवळ्यातली पाटी' हा शब्दप्रयोग रूढ झाला. ज्या आचाराची घरातील तरुण पिढी थट्टा करीत होती, त्याची शिस्त एका नव्या कारणासाठी तिने आपण होऊन पत्करली.

दुसरी रीत प्रकाशाची, आणि सूक्ष्म कामास तीच योग्य. निळसर रंगाचा एक पातळ पापुद्रा बाजारात मिळतो. तो तांब्यावर हवेचा एकही बुडबुडा न राहू देता चिकटवावयाचा. त्यावर पारदर्शक पत्र्यावर छापलेली आकृती ठेवावयाची, वरून काच दाबावयाची, आणि जांभळ्यापलीकडच्या किरणांचा प्रकाश द्यावयाचा. जेथे प्रकाश लागतो तेथे पापुद्रा कठीण होतो. जेथे लागत नाही तेथील पापुद्रा धुण्याच्या सोड्याच्या सौम्य पाण्यात निघून जातो. साधा पांढरा दिवाही या पापुद्र्यास बाधतो, म्हणून ही तयारी पिवळ्या दिव्याच्या उजेडात करावी लागते. किरणांसाठी स्त्रियांची नखे रंगवण्याच्या दुकानात रंग सुकवण्याचा जो दिवा असतो तो उपयोगी पडतो, आणि आमच्या कन्येने तो आणलाही. पण तिला उत्तम फळ दिले ते मराठवाड्याच्या उन्हाने.

याचे कारण समजण्यासारखे आहे. आकृती ज्या पत्र्यावर छापलेली असते त्याची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर. छपाईची बाजू चुकून वर राहिली, तर शाई व पापुद्रा यांमध्ये तेवढे अंतर पडते. जवळ ठेवलेल्या पसरट दिव्याचे किरण तिरपेही येतात, आणि ते या अंतरातून शाईच्या कडेखाली शिरून जवळजवळ तेवढीच फट बुजवून टाकतात. सूर्याचे बिंब मात्र आकाशात अवघा अर्धा अंश जागा व्यापते. पाटी त्याच्याकडे सरळ धरली तर त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात आणि सावली काटेकोर पडते. म्हणून छपाईची बाजू नेहमी खाली, पापुद्र्याशी भिडलेली. आणि म्हणूनच आकृती छापताना उलटी. ज्या उन्हास आम्ही जन्मभर दूषणे देत आलो, ते या कामी परदेशी दिव्यापेक्षा सरस ठरले. मात्र उन्हास घड्याळ कळत नाही. ऋतू, प्रहर आणि ढग यांप्रमाणे त्याचा जोर बदलतो. यासाठी कन्येने पाटीचा एक तुकडा घेऊन त्यावरचे झाकण पाच-पाच सेकंदांनी पुढे सरकवले आणि नऊ पट्ट्या नऊ निरनिराळ्या मुदतींनी भाजल्या. कोणती पट्टी कच्ची, कोणती करपलेली, हे वहीत लिहिले. ती वही आम्ही पाहिली आहे. तीत तारीख आहे, वेळ आहे, आकाशाची स्थिती आहे, आणि 'का?' हा शब्द अनेक ठिकाणी आहे.

यापुढे एक अडथळा येतो, तो कौशल्याने टळत नाही. द्रावण तांब्याला वरून खाली खाते तसे बाजूनेही खाते. ढोबळमानाने असे समजावे की ०.०३५ मिलिमीटर खोल जाईपर्यंत ते आवरणाखाली दोन्ही बाजूंनी तेवढेच आत शिरू शकते. पाव मिलिमीटरच्या रेघेला हे नुकसान सोसते. परंतु ०.१ मिलिमीटरची रेघ घेतली तर दोन्ही बाजूंचे मिळून ०.०७ जातात आणि हाती ०.०३ उरते, ती रेघ धुतानाच वाहून जाण्याचा संभव. यावर उपाय दोन. तांब्याचा पापुद्राच निम्म्या जाडीचा घ्यावा, आणि द्रावण कोमट ठेवून सतत हलवीत राहून काम लवकर उरकावे. जुने ब्लॉक करणारे कारागीर या संकटास चांगले ओळखीत. आम्लाचा एक हात झाला की ते एका झाडाच्या तांबड्या राळेची पूड कुंचल्याने चारी दिशांनी रेघांच्या कडांना बसवीत, ऊब देऊन ती वितळवीत, आणि मग पुन्हा आम्लात सोडीत. एका ब्लॉकसाठी हा विधी अनेकदा करावा लागे. ज्या चित्रांवरून आपण भराभर पाने उलटीत गेलो, त्यांच्या प्रत्येक रेघेच्या कडेला कोणीतरी असा पहारा दिलेला होता.

आमच्या कन्येचा हिशेब असा : ०.२ मिलिमीटरची रेघ आता तिच्या हातून नेमाने निघते, ०.१५ ची दोनदा केली तर एकदा साधते, ०.१ ची साधलेली नाही. हे ती कोणीही न विचारता सांगते, आणि यातच आम्हांस या उद्योगाचे सार दिसते. आम्ही जवळजवळ तीस वर्षे महाविद्यालयात शिकवीत आहोत. या काळात आमच्या हाती ज्या उत्तरपत्रिका आल्या, त्यांतील पुष्कळ गाइडांतून आलेल्या होत्या. वाक्ये निर्दोष असत, परंतु लिहिणाऱ्यास आपणास काय येते आणि काय येत नाही याची खूण त्यांत कोठेही नसे. विज्ञानाच्या शाखांत निराळी स्थिती असेल अशी आमची समजूत होती, ती एका दुकानाने दूर केली; तेथे शेवटच्या वर्षाचे प्रकल्प अहवालासह तयार मिळतात, आणि बांधणीचा रंग तेवढा निवडावयाचा असतो. गुणपत्रिकेवर विकत घेतलेल्या आणि केलेल्या प्रकल्पाचे गुण सारखेच दिसतात. तांब्यावर मात्र ते सारखे दिसत नाहीत. भिंगाखाली पाटी धरली की घाई कोठे झाली, धूळ कोठे बसली, प्रकाश कोठे कमी पडला, हे सारे स्वच्छ वाचता येते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. आकृती संगणकावरून कारखान्यात पाठवली तर थोड्या दिवसांत, थोड्या पैशांत, हिरव्या लेपाचे सुबक बोर्ड घरपोच येतात. ०.१५ मिलिमीटरची रेघ तेथे नित्याची, आणि पाटीच्या दोन बाजू जोडणाऱ्या भोकांत आतून तांबे चढवण्याचे जे काम घरी होणे कठीण, तेही तेथे होते. मग हा खटाटोप कशासाठी? आमचे उत्तर असे की, ज्यास वस्तू हवी त्याने ती खुशाल मागवावी. आमची कन्याही मागवते. मोठा बोर्ड घरी करण्याचा हट्ट तिने धरलेला नाही. परंतु मागवतानाही तिला काय मागावे हे कळते. दोन रेघांत फट किती ठेवावी, तांबे किती जाड सांगावे, कोणत्या कोपऱ्यात दगा होईल, हे तिने दुसऱ्याच्या नियमावलीत वाचले नाही. स्वतःच्या वाया गेलेल्या पाट्यांवर वाचले आहे. दिव्याच्या उष्णतेने चिंब घाम येत असताना भिंगातून पाहत चिपच्या पायांना डाख देणारी ही मुलगी एके दिवशी आम्हांस म्हणाली, "बाबा, हे आपल्या कल्हईवाल्याचंच काम आहे." खरेच आहे. कल्हईवाला नवसागराने तांब्याचा मळ उडवतो आणि कथील पसरवतो. ही राळेने मळ उडवते आणि कथिलाचा मिश्रधातू पसरवते. आमच्या लहानपणी कल्हईवाला गल्लीत येई तेव्हा आम्ही त्याच्या भात्याभोवती उभे राहत असू, पण त्याच्या विद्येस विद्या म्हणावे असे आम्हांस कोणी शिकवले नव्हते. लेखणी धरणारे घर आणि हातोडी धरणारे घर यांमध्ये आपल्या समाजाने जी भिंत शतकानुशतके राखली, तिला या मुलीच्या टेबलावर एक लहानसे दार पडले आहे.

तथापि या उद्योगाची दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. वापरलेल्या द्रावणात तांबे उतरलेले असते. दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या पाटीवरील सगळे तांबे विरघळवले तर ते सुमारे ३ ग्रॅम भरते. आकडा लहान वाटतो. पण तांब्याचा अंश पाण्यातील माशांना व सूक्ष्म जीवांना घातक असतो. येथील सांडपाणी नाल्यांनी खाम नदीकडे जाते, आणि खाम पुढे गोदावरीस मिळते. जिच्यावर पैठणचा नाथसागर बांधला आहे आणि जिचे पाणी पिऊन हे शहर जगते, ती हीच गोदावरी. पाण्याची घंटा करण्यासाठी पाणी नासवावयाचे, हा विनोद कोणासही परवडणारा नाही. म्हणून आमच्या घरी पहिल्या दिवसापासून एक नियम आहे : द्रावणाचा थेंब मोरीत जाता कामा नये. ते प्लास्टिकच्या बरणीत साठवून पुनःपुन्हा वापरले जाते. निकामी झाले की त्यात लोखंडाचे खिळे टाकतात. लोखंड विरघळते आणि तांबे लालसर गाळ होऊन खाली बसते. उरलेल्या पाण्यात धुण्याचा सोडा घालून आम्लता मारतात, साका गाळून वाळवतात, आणि तो बंद डब्यात भरून घातक कचरा स्वीकारणाऱ्यांच्या स्वाधीन करतात. शिवाय आकृतीच अशी काढावयाची की रेघांच्या भोवतालचे शक्य तेवढे तांबे पाटीवरच राहावे. मग द्रावणही कमी लागते व विषही कमी होते. धुण्याच्या पाण्यावरून मातोश्री आणि नात यांच्यात प्रथम खडाजंगी झाली. अखेर वाहत्या पाण्याऐवजी तीन लहान तबकांत एकामागून एक बुडवून धुण्याची तोड निघाली, आणि पहिल्या तबकाचे पाणीही बरणीतच जाऊ लागले. जो उद्योग आपला कचरा शेजाऱ्याच्या दारात टाकतो त्यास गृहोद्योग म्हणण्याचा अधिकार नाही, हे मोठ्या कारखान्यांस सांगण्यापूर्वी घरात पाळलेले बरे.

घंटा तयार झाली. ती पहिल्यांदा वाजली तेव्हा पहाटेचे ३ वाजून १० मिनिटे झाली होती. सारे घर कळशा-बादल्या घेऊन उठले आणि शेजारचेही दोन दरवाजे उघडले. आता शेजारी तशीच घंटा मागू लागले आहेत, आणि कन्या त्यांना सांगते की त्या कारखान्यातून मागवू. आकृती आता पक्की झाली आहे. हा क्रम आम्हांस योग्य वाटतो. एक घरी करावी, ती समजण्यासाठी. आणि समजल्यावर शंभर बाहेर कराव्यात.

ज्यांच्या घरी असे एखादे मूल असेल त्यांस आमची एवढीच सूचना की, त्यास वारा खेळता असेल असा एक कोपरा द्यावा, रबरी हातमोजे व डोळ्यांचा चष्मा घेऊन द्यावा, एक जुनी इस्त्री द्यावी, आणि लहान मुलांच्या हातास लागणार नाही असे एक कुलपाचे कपाट द्यावे. फरशीवर डाग पडतील. फेरिक क्लोराइडचा डाग गंजासारखा असतो आणि तो सहसा जात नाही. वर्षाच्या शेवटी हाती काय आले असे कोणी विचारले तर दाखवावयास कदाचित् काड्यापेटीएवढ्या दोन-चार पाट्याच असतील. त्या भिंगाखाली धरून पाहाव्यात, आणि अयशस्वी पाट्यांचा डबाही मागून घ्यावा. आमच्या घरी त्या डब्यात एकेचाळीस पाट्या आहेत. प्रत्येकीच्या पाठीवर तारीख आणि कारण लिहिलेले आहे.